उमेदवारीतून नोंदणीकृत आहारतज्ज्ञ

बारावीचा निकाल लागला म्हणजे गावोगावच्या शेतकरी कुटुंबांतून एकच प्रश्न ऐकू येतो. मुलीने शास्त्र शाखेत बरे गुण मिळविले आहेत. परंतु वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके ते नाहीत. तेव्हा आता पुढे काय? बियाणे व औषधफवारणी यांविषयी विचारावयास आलेले शेतकरी बंधू जाता जाता हीही पृच्छा करतात, आणि ग्रामस्तरावर काम करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना या प्रश्नास तोंड द्यावे लागले असेल. शिक्षिका, परिचारिका, बँकेतील नोकरी ही उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत. एक व्यवसाय मात्र असा आहे की, ज्याची गावाला गरज मोठी आणि माहिती अगदी थोडी. तो म्हणजे आहारतज्ज्ञाचा व्यवसाय होय.

गरज कशी ती पहावी. जिल्ह्याच्या रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णाच्या कागदावर औषधांच्या नावांखाली शेवटची ओळ बहुधा आहाराची असते. 'मीठ कमी', 'साखर बंद', 'प्रथिने मोजून' अशी ती दोन-तीन शब्दांची ओळ. गोळी किती वाजता घ्यावयाची हे औषधाच्या दुकानात पुन्हा विचारता येते. परंतु मीठ कमी म्हणजे किती कमी, भाकरीत घातलेले चालेल काय, लोणचे-पापडाचे काय करावे, साखर बंद केल्यावर गूळ चालतो की नाही, हे चुलीपुढे बसलेल्या गृहिणीस कोणी सांगितलेले नसते. मग शेजारी सांगतील ते खरे मानावे लागते. शेजाऱ्यांचा सल्ला बहुधा असा असतो की, साध्या मिठाऐवजी सैंधव वापरावे आणि साखरेऐवजी गूळ घ्यावा. यातील पहिला सल्ला व्यर्थ आहे, कारण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच होय. दुसरा तर मधुमेही माणसास अपायकारकच आहे. गुळाने रक्तातील साखर वाढावयाची ती वाढतेच. हा गोंधळ दूर करणारी शिकलेली व्यक्ती म्हणजे आहारतज्ज्ञ.

'नोंदणीकृत' म्हणजे काय?

आहाराविषयी सल्ला देणाऱ्यांचा आज सुळसुळाट झाला आहे. दहा-पंधरा दिवसांचा वर्ग पुरा करून प्रमाणपत्र भिंतीवर लावणारेही स्वतःस 'न्यूट्रिशनिस्ट' म्हणवून घेतात. या गर्दीतून खरा जाणकार ओळखावा कसा, यासाठी नोंदणीची पद्धत निर्माण झाली. भारतात इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही आहारशास्त्रज्ञांची संस्था सन १९६३ मध्ये स्थापन झाली. हिंदुस्थानातील पोषणसंशोधनाचे अध्वर्यू डॉ. सी. गोपालन हे तिचे पहिले अध्यक्ष होते. ही संस्था परीक्षा घेऊन उत्तीर्ण उमेदवारास 'रजिस्टर्ड डाएटिशियन', म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, असे पद देते. मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्या शाखा आहेत.

ही नोंदणी व्यवसायबंधूंनी आपसांत घालून दिलेली आहे. कायद्याची नोंदणी ही निराळी गोष्ट असून तिचा पाया सन २०२१ मध्ये घातला गेला. त्या वर्षी संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा संमत केला. त्याच्या परिशिष्टात आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांची गणना केलेली आहे, आणि प्रत्येक राज्याने परिषद स्थापून नोंदपुस्तक ठेवावे अशी त्यात तरतूद आहे. सन २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या कायद्याखालील दहा व्यवसायांचे अभ्यासक्रम प्रसिद्ध केले. पोषण व आहारशास्त्र हा त्यांपैकी एक आहे. तेव्हा पुढील काही वर्षांत या शिक्षणाची वाट थोडीफार बदलण्याचा संभव आहे, आणि मुलीस प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षीचे नियम छापील स्वरूपात पाहिल्याखेरीज पैसे भरू नयेत हे बरे.

शिक्षणाची वाट

बारावीस शास्त्र शाखा असावी. रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय पक्के असावेत. त्यानंतर गृहविज्ञान किंवा अन्न व पोषण या विषयातील पदवी घ्यावयाची. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे जुहू येथील सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतन ही या शिक्षणाची जुनी केंद्रे आहेत. परंतु शेतकरी कुटुंबांना सर्वांत जवळची वाटावी अशी संस्था परभणीस आहे. तेथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय हे पूर्वी गृहविज्ञान महाविद्यालय या नावाने ओळखले जाई. कृषी विद्यापीठ म्हणजे केवळ नांगर व बियाणे अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ते एकदा पाहून यावे.

पदवीनंतर दोन मार्ग फुटतात. एक, आहारशास्त्रातील वर्षभराची पदव्युत्तर पदविका. दुसरा, अन्न व पोषण किंवा आहारशास्त्र या विषयातील दोन वर्षांची एम. एस्‌सी. कोणत्याही मार्गाने गेले तरी पुढे सहा महिने मोठ्या रुग्णालयात अनुभवी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करावे लागते, आणि त्यानंतरच नोंदणीची परीक्षा. बारावीनंतर एकंदर साडेचार ते साडेसहा वर्षे या कामी जातात, हे पालकांनी आरंभीच समजून घ्यावे. घरातील दुसऱ्या मुलाचे शिक्षण, विहिरीचे कर्ज, बहिणीचे लग्न या सर्वांशी या वर्षांचा मेळ घालावा लागतो.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. घरी राहून, टपालाने अथवा संगणकावर हे शिक्षण पुरे करता येते अशा जाहिराती अनेकांनी पाहिल्या असतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने सन २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र आणि आहारशास्त्र यांसह या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली आहे. शेळी विकून अशा वर्गाची फी भरण्यापूर्वी एवढे जरूर ध्यानात ठेवावे.

सहा महिन्यांची उमेदवारी

रुग्णालयात या सहा महिन्यांस 'इंटर्नशिप' म्हणतात. आपल्याकडे सुताराच्या वा लोहाराच्या हाताखाली शिकणाऱ्यास जी उमेदवारी करावी लागे, तीच ही. आम्हां शेतकी पदवीधरांनाही अखेरच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात राहावे लागते, आणि पुस्तकातील पीक व बांधावरचे पीक यांतील अंतर तेथेच कळते. आहारशास्त्रात तर हे अंतर अधिकच मोठे आहे, कारण येथे चुकीचे फळ भोगावयाचे ते माणसास.

पहिले काही आठवडे बहुधा स्वयंपाकघरात जातात, आणि येथे अनेक मुलींचा हिरमोड होतो. पदवी घेऊन आलेल्या मुलीस तांदूळ तोलावयास, भाजी निवडून झाल्यावर वाया किती गेली हे मोजावयास, भांडी धुण्याची जागा पहावयास सांगितले म्हणजे तिला ते कमीपणाचे वाटते. पण तीनशे खाटांच्या रुग्णालयात सकाळी किती माणसे जेवणार, त्यांपैकी किती जणांना नेहमीचे जेवण, किती जणांना मऊ, किती जणांना केवळ पातळ, किती जणांना मीठ वर्ज्य, आणि किती जणांना नाकातील नळीवाटे अन्न द्यावयाचे, याचा तक्ता पहाटे तयार व्हावा लागतो व तो दुपारपर्यंत दोनदा बदलतो. कोणी घरी गेलेला असतो, कोणास शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेले असते. गरम अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न पाच अंशांच्या खाली ठेवले नाही, तर मधल्या उष्णतेत जंतूंची वाढ झपाट्याने होते. आजारी माणसास ते अन्न रोगाहून महाग पडते. ताटांच्या गाडीवर दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर मधुमेही माणसापुढे खीर येते. हे सारे ज्या मुलीने हाताने केले आहे, तिच्याच तक्त्यावर पुढे स्वयंपाकी विश्वास ठेवतो.

त्यानंतर वॉर्डातील काम सुरू होते. नवीन रुग्ण दाखल झाला की पहिल्या दिवसातच त्याचे वजन व उंची घ्यावयाची, गेल्या काही महिन्यांत वजन उतरले काय, भूक कशी आहे, गिळता येते काय हे विचारावयाचे, आणि कोणाच्या आहाराकडे तातडीने पहावयास हवे ते ठरवावयाचे. मग त्याने आदल्या दिवशी सकाळपासून काय काय खाल्ले याची उजळणी करून घ्यावयाची. हे काम वाटते तितके सोपे नाही. 'काय खाल्ले?' असे विचारता माणूस भाकरी व भाजी एवढेच सांगतो. चहा हे त्याच्या लेखी खाणे नव्हे. दिवसातून पाच कप आणि कपात दोन चमचे साखर, चमच्यात सुमारे पाच ग्रॅम, अशी गोळाबेरीज केली तर ५० ग्रॅम साखर व २०० उष्मांक केवळ चहातून गेले, हे त्याला व कधीकधी शिकाऊ मुलीलाही प्रथमच कळते. शेतावर जाता येता तोंडात टाकलेले मूठभर शेंगदाणे असेच सुटतात. त्यांत निदान सात ग्रॅम प्रथिने असतात व ती मोजली गेली नाहीत तर हिशेब चुकतो.

हा हिशेब करावयाचा कोणत्या आधाराने? आपल्या देशातील अन्नपदार्थांत काय व किती आहे याची पृथक्करणे करण्याचे काम जुने आहे. मॅक्कॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे आरंभिलेल्या छोट्या संशोधनकेंद्राचेच पुढे वाढत जाऊन १९५८ मध्ये हैदराबादेस स्थलांतर झाले, आणि १९६९ पासून ते राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखले जाते. या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे पृथक्करण दिलेले आहे. शिकाऊ उमेदवाराच्या हाती हे पुस्तक सदैव असते. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम प्रथिने. तेव्हा साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सहा ग्रॅम प्रथिने व सुमारे २०० उष्मांक मिळतात. निरोगी प्रौढास वजनाच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात असे सध्याचे भारतीय प्रमाण आहे. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम झाली. दिवसाकाठी चार भाकऱ्यांतून २४ ग्रॅम आली, तर उरलेली डाळ, दूध, अंडे यांतून कशी आणावयाची, हा हिशेब मातीच्या तपासणीचा अहवाल पाहून खताची मात्रा काढण्याच्या हिशेबाहून निराळा नाही. शेतकऱ्याच्या मुलीस तो लवकर उमगतो असे मला वाटते.

नत्र, स्फुरद, पालाश आणि मूत्रपिंडाचा रोगी

या शिक्षणात सर्वांत कठीण भाग कोणता असे विचारले तर बहुतेक जाणकार मूत्रपिंडाच्या विकाराचे नाव घेतील. आपल्या वाचकांना हा विषय एका कारणाने सहज समजण्यासारखा आहे. पिकास आपण जी तीन मुख्य अन्नद्रव्ये देतो, नेमकी तीच तीन मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या शरीरात साठून राहतात. प्रथिनांतील नत्राचे युरियात रूपांतर होते. तो बाहेर टाकला जात नाही. स्फुरद साठले की हाडांतील चुना झिजतो. आणि पालाश, ज्यास डॉक्टर पोटॅशियम म्हणतात, ते रक्तात वाढले तर हृदयाची क्रिया एकाएकी बंद पडू शकते.

आता अशा माणसास आपला नेहमीचा उपदेश करून पहा. नारळपाणी प्यावे, केळी खावी, भाजी शिजविलेले पाणी टाकू नये, डाळी भरपूर खाव्या. निरोगी माणसास हे सारे हितकर. या रोग्यास मात्र यातील प्रत्येक गोष्ट घातक ठरू शकते. रक्तातील पालाश वाढलेल्या रोग्यासाठी बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावयाचे असते, म्हणजे पालाशाचा बराच अंश निघून जातो. जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात म्हणून ते पाणी आमटीत घाला असे आपण मेळाव्यांतून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणासाठी कोणती, हे ठरविण्यासाठीच शिक्षण लागते. बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून जे मिळते त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाच्या रोग्यास ते मिठाहून वाईट.

गुंता येथेच संपत नाही. विकाराच्या मधल्या अवस्थेत प्रथिने कमी करावी लागतात. पुढे डायलिसिस सुरू झाले की त्याच रोग्याची प्रथिने वाढवावी लागतात, कारण त्या क्रियेत त्यांचा अंश वाहून जातो. घरच्या मंडळींनी मात्र दोन वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवलेला असतो, आणि डाळ व अंडे अजून बंदच असते. माणूस दिवसेंदिवस सुकत जातो व दोष डायलिसिसच्या यंत्रास दिला जातो. असे रोगी प्रत्यक्ष पाहून, त्यांचे रक्ताचे अहवाल वाचून, तक्ता बदलून, आठ दिवसांनी पुन्हा अहवाल पाहणे ही गोष्ट वर्गात बसून शिकता येण्यासारखी नाही.

कुपोषित मुलांच्या बाबतीतही असेच घडते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरतो ते तीव्र कुपोषित समजावे, हे अंगणवाडी भगिनींना ठाऊक आहे. अशा मुलास घरी वा रुग्णालयात आणल्याबरोबर पोटभर तूप-भात भरविण्याचा मोह होतो. परंतु उपासमारीने खंगलेल्या शरीराची सर्व कार्ये मंदावलेली असतात, आणि एकदम भारी अन्न दिल्याने मूल दगावू शकते. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात आरंभी शंभर मिलिलिटरमागे ७५ उष्मांक असणारे, अगदी कमी प्रथिनांचे दूध दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे देतात. मूल सावरले, भूक लागू लागली, की मग शंभर उष्मांकांच्या दुधाकडे वळतात. मेळघाट व नंदुरबारकडील कार्यकर्त्यांना ही केंद्रे परिचित आहेत. उमेदवारीच्या काळात बालविभागात रात्रपाळी केलेल्या मुलीस या तासातासाच्या हिशेबाचे मोल सांगावे लागत नाही.

प्रत्येक दिवसाच्या कामाची नोंद वहीत करावयाची असते. कोणता रोगी, कोणता विकार, कोणता हिशेब, सल्ला काय दिला, परिणाम काय झाला हे लिहून वरिष्ठ आहारतज्ज्ञाची सही घ्यावी लागते. सह्या राहून गेल्या म्हणजे शेवटी धावपळ होते. वही रोजच्या रोज पुरी करावी.

खेड्यातील मुलीची जमेची बाजू

बोलण्याचालण्यात, इंग्रजीत आपली मुलगी मागे पडेल अशी भीती पालक बोलून दाखवितात. विषयाची पुस्तके इंग्रजीत आहेत हे खरे, आणि त्यासाठी पहिल्या वर्षापासून मेहनत घ्यावीच लागेल. परंतु रुग्णाच्या खाटेशी गेल्यावर पारडे फिरते. जत वा कळंब तालुक्यातून आलेल्या म्हाताऱ्यास ओट्स व ब्रोकोली खावयास सांगणाऱ्या आहारतज्ज्ञाचा कागद घरी गेल्यावर पेटीत पडून राहतो. हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या, अंबाडी, घोळ, हादग्याची फुले, शेवग्याचा पाला ही नावे जिला माहीत आहेत, कोणत्या महिन्यात काय मिळते व काय विकत आणावे लागते हे जिने पाहिले आहे, ती मुलगी त्याच हिशेबात त्याच्या घरचे अन्न बसवून देते. सुगीच्या दिवसांत दिवसभर राबणाऱ्या बाईस दोन-दोन तासांनी खावयास सांगण्यात अर्थ नाही, हेही तिला शिकवावे लागत नाही.

खर्च आणि रुग्णालयाची निवड

पैशांची गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. या सहा महिन्यांत वेतन मिळेल अशी अपेक्षा धरू नये. काही रुग्णालये थोडे विद्यावेतन देतात, बरीच काहीच देत नाहीत, आणि काही तर शिकविण्याबद्दल उलट शुल्क आकारतात. त्याशिवाय शहरात राहण्याचा व जेवणाचा खर्च येतो. माझ्या मते हा या शिक्षणातील सर्वांत अन्यायाचा भाग आहे. इतरांसाठी जेवणाचे तक्ते मांडणारी मुलगी स्वतः वडापाववर दिवस काढते असे होऊ नये. तेव्हा पदवीच्या अखेरच्या वर्षापासूनच या सहा महिन्यांची पुंजी वेगळी काढून ठेवावी आणि वसतिगृहाची चौकशी आगाऊ करावी.

रुग्णालय निवडताना नावाच्या मोठेपणास भुलू नये. तेथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ पूर्णवेळ आहे काय आणि ती शिकाऊ मुलींना वॉर्डात बरोबर नेते काय, हे प्रथम विचारावे. मूत्रपिंड, हृदय, बालरोग, प्रसूती व अतिदक्षता हे विभाग एकाच ठिकाणी पहावयास मिळतात काय, रुग्णालयाचे स्वतःचे स्वयंपाकघर आहे की अन्न बाहेरून येते, हेही पहावे. सहा महिने केवळ नोंदी उतरवून घेण्यात गेले तर सही मिळते, विद्या मिळत नाही. तेथील उमेदवारी परीक्षेसाठी ग्राह्य धरली जाईल असे असोसिएशनकडून आधीच लेखी कळवून घ्यावे.

इतर देशांतही हीच रीत आहे. अमेरिकेत १९१७ साली क्लीव्हलँड शहरी आहारतज्ज्ञांची संस्था स्थापन झाली, आणि १९६९ पासून तेथे नोंदणी सुरू झाली. तेथे आज निदान एक हजार तास देखरेखीखालील काम आवश्यक असून, १ जानेवारी २०२४ पासून परीक्षेस बसण्यासाठी पदव्युत्तर पदवीही सक्तीची झाली आहे. नोंदणी टिकविण्यासाठी दर पाच वर्षांत ७५ तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते. आपल्याकडील काही मुली तिकडे जातात. त्यांना तेथील परीक्षा निराळी द्यावी लागते हे उघड आहे.

नोंदणीनंतर सरकारी व खाजगी रुग्णालये, डायलिसिस केंद्रे, पोषण पुनर्वसन केंद्रे, वसतिगृहांची व कारखान्यांची भोजनगृहे, अन्नप्रक्रिया उद्योग अशा ठिकाणी काम मिळते; स्वतंत्र व्यवसायही करता येतो. आरंभीचे वेतन फारसे मोठे नसते. लहान शहरांत अद्याप जागा थोड्या आहेत, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे मोठ्या शहरात काढण्याची तयारी असावी. मुलांनाही हा मार्ग मोकळा आहे. त्यांची संख्या आज अल्प आहे इतकेच.

मुलगी शिकून येईपर्यंत गावाने काय करावे, असा प्रश्न कार्यकर्त्यांना पडेल. आपल्या जिल्हा रुग्णालयात आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहारतज्ज्ञ कोणत्या वारी, कोणत्या खोलीत बसतात याची चौकशी करून ती माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णास तेथे पाठविताना रक्ताचे नवे अहवाल बरोबर द्यावेत. घरी जी व्यक्ती स्वयंपाक करते तिलाही सोबत पाठवावे, आणि घरातील नेहमीची वाटी, चमचा व चहाचा कप पिशवीत घालून द्यावा, म्हणजे माप त्याच भांड्यांनी ठरविता येते.